गांजा सोडून ११ दिवस झाले, लघवीत अजून किती दिवस दिसेल?

पत्र : मॅडम, नमस्कार. मी वरूड तालुक्यातला, वय २४. आयटीआय झालं, हेवी लायसन आहे. चंद्रपूरकडे कोळसा खाणीतल्या एका ठेकेदाराकडे डंपरवर काम लागून राहिलं. पण जॉइनिंगच्या आधी मेडिकल आहे आणि त्यात लघवीची ड्रग टेस्ट आहे असं पत्रात लिहिलं आहे. खरं सांगतो, दिवाळीपासून मृग बहाराच्या राखणीले वावरात जात होतो. तिथं खोपडीत आम्ही चार पोट्टे बहुतेक रोज रात्री चिलीम ओढत होतो. महाशिवरात्रीले सालबर्डीले गेलो, तिथं भांगही घेतली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला, तेव्हापासून बंद. आज ११ दिवस झाले, मेडिकलला अजून १९ दिवस आहेत. कोणी म्हणते तीन दिवसांत निघून जाते, कोणी म्हणते सहा महिने राहते. एक जण १५०० रुपयांची बाटली देऊन राहिला, म्हणते एका दिवसात साफ. दुसरा म्हणते लिंबू-सोडा पी आणि पळ. माझा चुलतभाऊ फक्त शिवरात्रीच्या रात्री एकदा ओढला, तो पोलीस भरतीची तयारी करून राहिला, त्यालेही टेन्शन आहे. लहान भाऊ ओढत नाही, पण खोपडीत आमच्याजवळ बसून राहायचा. आणि मॅडम, सोडल्यापासून झोप येत नाही. घरी माहीत नाही. काय करू?

उत्तर :

तुला तीन दिवस सांगणारा खोटं बोलला नाही. त्यानं एखाद्या वेळीच ओढली असेल आणि चौथ्या दिवशी त्याची तपासणी निघाली असेल. सहा महिने सांगणाऱ्यानं ते कुठून आणलं, त्यालाच ठाऊक. मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजीची लॅब चालवते. नोकरीच्या मेडिकलसाठी येणारी पोरं नमुन्याची डबी हातात घेण्याआधी हळूच हाच प्रश्न विचारतात, आणि प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो. तो आकडा ओढणाऱ्याच्या सवयीवर ठरतो. म्हणून तुझं उत्तर वेगळं आणि तुझ्या चुलतभावाचं वेगळं, जरी त्या रात्री चिलीम एकच होती.

गांज्यात नशा आणणारा मुख्य पदार्थ टीएचसी. धूर आत गेला की काही मिनिटांत तो रक्तात आणि तिथून मेंदूत पोचतो. तीन-चार तासांत नशा उतरते आणि माणसाला वाटतं, विषय संपला. पण टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, चरबीत विरघळतं. रक्तातून ते शरीरातल्या चरबीत जाऊन बसतं आणि तिथून थोडं थोडं परत रक्तात येत राहतं. यकृत त्याचं आधी ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, जे स्वतःही नशा देतं, आणि नंतर कार्बॉक्सी-टीएचसी, ज्यात नशा उरलेली नसते. लघवीत बुडवून तपासायची पट्टी पकडते ते मुख्यतः हे शेवटचं. त्यातही शरीराबाहेर जाणाऱ्या मालाचा मोठा भाग शौचावाटे जातो, लघवीतून जातो तो पाचवा-चौथा हिस्सा.

एकदाच ओढणाऱ्याच्या चरबीत साठा असा होतच नाही, आलं तसं निघून जातं. रोज ओढणाऱ्याचं कालचं निघायच्या आत आजचं येऊन पडतं. दिवाळी ते शिवरात्र, म्हणजे साडेतीन-चार महिने तू हा साठा भरत होतास. आता तो उतरतोय, पण त्याच्या गतीनं.

दुसरी गोष्ट पट्टीची. 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' म्हणजे 'आहे' आणि 'नाही' असं लोक समजतात. पट्टीवर एक मर्यादा ठरलेली असते. सगळ्यात जास्त चालणारी मर्यादा ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तुझ्या लघवीत ४५ निघाले तरी अहवाल 'निगेटिव्ह' येतो, ५५ निघाले तर 'पॉझिटिव्ह'. काही किट २० किंवा २५ च्याही असतात, आणि त्यांवर तोच माणूस आणखी काही दिवस पॉझिटिव्ह दिसतो. तुझ्या कंपनीचं मेडिकल ज्या लॅबमध्ये आहे तिथं मर्यादा किती धरतात, हे फोन करून विचारता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही; आम्हाला असे फोन येतात आणि आम्ही सांगतो.

५० च्या मर्यादेवर ढोबळ हिशोब असा. आयुष्यात एकदा किंवा महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या वेळी ओढणारा एक ते तीन दिवस, फार तर चार. आठवड्यातून तीन-चारदा ओढणारा पाच ते सात दिवस. रोज ओढणारा १० ते १५ दिवस. दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे ओढणारा ३० दिवस, क्वचित त्याहूनही जास्त. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २० च्या मर्यादेवर, एका अट्टल ओढणाऱ्याला सलग निगेटिव्ह येऊ लागायला ७७ दिवस लागले होते. लोकांच्या तोंडी 'दोन-अडीच महिने' फिरतं त्याचं मूळ असल्या टोकाच्या माणसांत आहे. उलट २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रग कोर्टांसाठी, म्हणजे नशेच्या आरोपींना उपचारावर ठेवणाऱ्या न्यायालयांसाठी, जुने अभ्यास एकत्र करून जो आढावा घेतला गेला, त्यात म्हटलं होतं की सरसकट ३० दिवस धरणं जास्त होतं. रोजचा ओढणाराही ५० च्या मर्यादेवर साधारण १० दिवसांपुढे आणि २० च्या मर्यादेवर साधारण २१ दिवसांपुढे पॉझिटिव्ह राहण्याची शक्यता कमी. माझा कल या दोन्हींच्या मध्ये आहे, कारण आढावे सरासरी सांगतात आणि लॅबमध्ये समोर बसलेला माणूस सरासरी नसतो.

तर तुझं काय? एक चिलीम चौघांत, रात्रीची एकदा, चार महिने. सोडून ११ दिवस झाले, मेडिकलच्या दिवशी ३० होतील. ५० च्या पट्टीवर त्या दिवशी तू निगेटिव्ह निघण्याची शक्यता बरीच जास्त आहे. हमी कोणी देऊ शकत नाही. ही शक्यता टिकवायची एकच अट आहे : या १९ दिवसांत एक झुरकाही नको. 'सोबत्यांनी आग्रह केला म्हणून एक कश' याचा अर्थ मोजणी पुन्हा सुरू, आणि तुझ्यासारख्याच्या बाबतीत ती एकदाच ओढणाऱ्याच्या तीन दिवसांपासून सुरू होत नाही, कारण खाली जुना साठा आहे. तेव्हा रात्रीच्या राखणीला काही दिवस दुसऱ्याला पाठव, किंवा बापाला सांग की मेडिकल आहे, झोप पुरी झाली पाहिजे. हे खोटंही नाही.

आता बाटलीबद्दल. १५०० रुपये खिशात ठेव. 'डिटॉक्स' म्हणून विकलं जाणारं काहीही चरबीतलं टीएचसी ओढून बाहेर काढत नाही. नुसत्या पाण्यानं लोणच्याची तेलकट बरणी धुऊन पाहा म्हणजे लिंबू-सोड्याचा उपयोग कळेल. अशा बाटल्या पिणाऱ्यांपैकी काही जण पास होतात ते दोन कारणांनी : एक तर ते तसेही निगेटिव्ह आले असते, किंवा बाटलीबरोबर तीन-चार लिटर पाणी प्यायल्यानं लघवी पातळ झाली. आणि पातळ लघवी लॅबला कळते. आम्ही क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) पाहतो, विशिष्ट गुरुत्व म्हणजे लघवीचा घट्टपणा पाहतो, नमुन्याचं तापमान पाहतो. फार पातळ नमुन्यावर 'डायल्यूट' असा शेरा पडतो आणि तुला परत बोलावतात, तेही अचानक. वरून अति पाण्यानं रक्तातलं सोडियम घसरून माणूस बेशुद्ध पडतो, तो वेगळाच धोका.

यातला सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे नायसिनच्या गोळ्या. तो तुला अजून कोणी दिला नसेल तर पुढे देईल. हे जीवनसत्त्व ब-३. इंटरनेटवर 'नायसिनने गांजा धुऊन निघतो' असं फिरतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा चार जणांची नोंद प्रसिद्ध केली. टेस्ट पास होण्यासाठी भरमसाट नायसिन घेऊन ते इस्पितळात पोचले होते, आणि त्यातल्या काहींना रक्तातली साखर घसरणं आणि यकृताला मार बसणं इथपर्यंत झालं. व्हिनेगर, फिटकरी, ब्लीच असल्या गोष्टी पिण्याबद्दल मी लिहीतसुद्धा नाही. नमुन्यात काही टाकणं किंवा दुसऱ्याची लघवी नेणं ही फसवणूक आहे, आणि पकडलं गेलं की 'पॉझिटिव्ह'पेक्षा वाईट शेरा लागतो. पॉझिटिव्ह आलेल्याला काही कंपन्या काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. नमुना बदलणाऱ्याला कोण बोलावेल?

पळण्याचंही सांगते, कारण यात थोडं तथ्य आणि बराच गोंधळ आहे. चरबी जळाली की तिच्यातलं टीएचसी सुटेल, हा तर्क बरोबर आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात नियमित ओढणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटं सायकल चालवायला लावली, तर त्यांच्या रक्तातलं टीएचसी थोडं वाढलेलं दिसलं. वाढलेलं, हे लक्षात घे. म्हणजे पळून तू फार लवकर स्वच्छ होशील असं नाही. रोज पळत असशील तर पळ, तब्येतीला चांगलं आहे. मेडिकलच्या आधीचे दोन-तीन दिवस मात्र नवीन काही जोर लावू नको, आणि उपास तर मुळीच धरू नको. शेवटच्या दिवसांत असंही होतं की आज निगेटिव्ह, उद्या पॉझिटिव्ह, परवा पुन्हा निगेटिव्ह. पोरं घाबरतात, वाटतं कोणी काही मिसळलं. तसं नसतं. प्रमाण मर्यादेच्या आसपास असलं की लघवी किती घट्ट आहे त्यावर निकाल हेलकावे खातो. आपल्याकडे मार्चपासून ऊन तापतं, वावरात दुपारभर घाम गेला की संध्याकाळची लघवी घट्ट, रात्री दोन तांबे पाणी प्यायलं की पातळ. सकाळची पहिली लघवी सहसा सगळ्यात घट्ट.

घरी तपासायचं असेल तर औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी टीएचसीची पट्टी आण. मर्यादा ५० आहे का ते पाकिटावर बघ. मेडिकलच्या आठवडाभर आधी एकदा, दोन दिवस आधी एकदा, दोन्ही वेळा सकाळच्या पहिल्या लघवीवर. वाचताना एक चूक सगळे करतात. गरोदरपणाच्या पट्टीत दुसरी रेघ उमटली म्हणजे 'आहे'. इथं उलटं आहे : दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, एकच म्हणजे पॉझिटिव्ह. कारण पट्टीवरची प्रतिपिंडं (कार्बॉक्सी-टीएचसीला चिकटणारी प्रथिनं) मोकळी असली तरच 'टी' या तपासणीच्या खुणेपाशी जाऊन रेघ काढतात. लघवीत कार्बॉक्सी-टीएचसी भरपूर असलं तर ती त्यातच अडकतात आणि रेघ उमटत नाही. दुसरी रेघ फिकट आली तरी ती निगेटिव्हच. 'सी' म्हणजे पट्टी चालते का ते दाखवणाऱ्या खुणेपाशी रेघच नसेल तर पट्टी खराब, फेकून दे. आणि पाकिटावर दिलेल्या मिनिटांनंतर वाचलेला निकाल धरू नको. अर्ध्या तासानं कचऱ्यातून पट्टी काढून पुन्हा पाहणारे लोक मी पाहिले आहेत.

भांगेचं विचारलं नाहीस, पण सांगायला हवं, कारण 'भांग चालते, ती तर देवाची' असं सालबर्डीहून येणारा प्रत्येक जण म्हणतो. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांज्याची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया तिच्यात येत नाहीत. म्हणून भांग त्या केंद्रीय कायद्याच्या कचाट्याबाहेर राहिली आणि तिचं नियमन राज्यांकडे आलं. आपल्याकडे ते दारूबंदी कायद्याखाली येतं. पण पट्टीला कायदा वाचता येत नाही. भांगेतही टीएचसीच आहे आणि पोटातून गेलं तरी शेवटी तेच कार्बॉक्सी-टीएचसी बनतं. फरक एवढा की नशा चढायला तास-दोन तास लागतात आणि ती जास्त वेळ रेंगाळते. पानठेल्यावरचा भांगेचा मुनक्का, भांगेच्या गोळ्या यांनाही हेच लागू. काही आयुर्वेदिक औषधांतही भांग असते, वैद्यकाच्या भाषेत विजया. जातीफलादि चूर्ण हे पोटासाठी आणि झोपेसाठी दिलं जाणारं जुनं उदाहरण. विजयाचं तेल म्हणून हल्ली बाटल्या मिळतात त्याही यातच. झोप येत नाही म्हणून गावातल्या कोणाकडून पुडी आणायचा विचार असेल तर आधी त्यात काय आहे ते विचार.

झोपेवर थोडं थांबते, कारण मला तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य पहिल्या वाक्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. रोज ओढणाऱ्यानं एकदम सोडलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, घाम येतो, झोप उडते. पहिल्या आठवड्यात हे सगळ्यात जास्त असतं आणि दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं. झोप आणि विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं मात्र महिनाभरही लांबू शकतात. 'गांज्याची सवय लागत नाही' हे खोपडीतलं ज्ञान आहे; अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत गांजा सोडल्यावरच्या या त्रासाची रीतसर नोंद २०१३ पासून आहे. त्यात चिलमीत तंबाखू मिसळत असाल, तर निकोटिनची तलफ वेगळी. म्हणजे तुझ्या अंगात दोन गोष्टी एकाच वेळी सुटतायत. अकराव्या दिवशी झोप नसणं हे अपेक्षित आहे आणि ते जातं.

एक गोष्ट मात्र करू नको. औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या पोराकडून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलमची गोळी घेऊन झोपू नको. ती सवय गांज्यापेक्षा सोडायला अवघड, आणि कंपनीची पट्टी बहुधा एकट्या गांज्याची नसते. एकाच पट्टीवर पाच-दहा गोष्टी तपासतात, त्यात झोपेच्या गोळ्यांचा हा गट असतो, अफूचा गट असतो. कोडीनचं खोकल्याचं औषध प्यायलास तर अफूच्या रकान्यात अडकशील. गांज्यात निगेटिव्ह आणि झोपेच्या गोळीत पॉझिटिव्ह, असा अहवाल हातात घेऊन रडकुंडीला आलेलं पोरगं मी पाहिलं आहे. दुपारी झोपू नको, चहा चारनंतर बंद, रोजची उठायची वेळ एकच ठेव. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहून 'झोप येत नाही' म्हणणं मी ऐकणार नाही.

एवढ्यानं भागलं नाही, किंवा मेडिकल होऊन गेल्यावर पुन्हा चिलमीकडे पाय वळताहेत असं वाटलं, तर १४४४६ या क्रमांकावर फोन कर. ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन, फोन मोफत. मन फार खाली गेलं तर १४४१६, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. अमरावतीला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. मोर्शी-वरूडवरून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. उपचाराला गेलास म्हणून पोलीस मागे लागतील अशी भीती पुष्कळांना असते. कायदाच उलट सांगतो : एनडीपीएसच्या कलम ६४-अ प्रमाणे, नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाण जवळ असल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं.

चुलतभावाला सांग, लघवीची काळजी सोड. एकदाच ओढली, त्याला ११ दिवस झाले. त्याचं कधीच निघून गेलं. मेडिकलमध्ये काय काय तपासतात ते भरतीच्या जाहिरातीत वाचावं. पण त्याच्यासाठी धोका पट्टीचा नाहीच. गांजा ओढणं हाच कलम २७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात्रेत पोलिसांनी चिलमीसकट धरलं असतं आणि गुन्हा नोंदला गेला असता, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी १६०० मीटर कितीही वेगानं पळून उपयोग नव्हता.

लहान भावाचं : दुसऱ्याच्या धुरानं ५० ची पट्टी पॉझिटिव्ह येणं फार अवघड आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न ओढणाऱ्यांना बंद खोलीत ओढणाऱ्यांबरोबर तासभर बसवलं. हवा खेळती असताना कोणी पॉझिटिव्ह आलं नाही. हवा पूर्ण कोंडलेली असताना काही जण २० च्या मर्यादेवर आले, ५० वर अगदी विरळा, तेही पहिल्या काही तासांत. तुमच्या खोपडीला चारी बाजूंनी फटी असणार. त्यामुळे 'मी ओढलीच नाही, सोबत बसलो होतो' हे कारण लॅबमध्ये कोणी मानत नाही, हे तूही लक्षात ठेव. आणि पोरगं किती वर्षांचं आहे ते तू लिहिलं नाहीस. शाळा-कॉलेजात असेल तर त्याला खोपडीत बसवणं आधी बंद कर, लघवीचा प्रश्न नंतर.

डंपरबद्दल माझं मत विचारलं नाहीस, तरी देते. लघवीची पट्टी तू आज सकाळी नशेत आहेस का, हे सांगतच नाही. ती गेल्या काही दिवसांत-आठवड्यांत ओढलीस का एवढंच सांगते. दारूच्या फुंकणीसारखी ती त्या घटकेची साक्ष नाही, आणि महिनाभरापूर्वी ओढलेल्या माणसाला त्यावरून नाकारणं मला पूर्ण न्यायाचं वाटत नाही. लाळेच्या तपासणीत साधारण दिवसभराचंच दिसतं, ती या कामाला जास्त योग्य ठरेल. केसांची तपासणी तर ९० दिवस मागे जाते; सुदैवानं तुझ्या पत्रात लघवीच लिहिली आहे. पण खाणीच्या उतारावरून भरलेला डंपर उतरवणाऱ्याच्या हातात खाली काम करणाऱ्यांचे जीव असतात. गांजा ओढल्यावर काही तास, भांगेनंतर त्याहून जास्त वेळ, अंतर आणि वेग यांचा अंदाज चुकतो. त्या नोकरीत शिरायचं तर रातपाळीआधीची चिलीम कायमची गेली, हे धरूनच शीर. तिथं पुढेही अचानक तपासण्या होऊ शकतात.

मेडिकलच्या दिवशी चालू असलेली औषधं फॉर्मवर लिही, किरकोळ वाटली तरी. आपल्याकडे जो तो अॅसिडिटीला पँटोप्राझोल खातो. त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की टीएचसीच्या प्राथमिक लघवी-तपासणीत त्यामुळे चुकून पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत. एचआयव्हीवरचं एफाविरेन्झ हे दुसरं असं औषध. तू पँटोप्राझोल घेत असशील तर डॉक्टरांना विचारून आधीच थांबवता येतं का बघ. फॉर्मवर गांज्याबद्दल थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नको. 'पूर्वी ओढत होतो, अमुक तारखेपासून बंद आहे' एवढं लिहिलेलं, निकाल मर्यादेवर अडला तर तुझ्याच कामी येईल.

घरच्या पट्टीवर दोन दिवस आधीही एकच रेघ आली, तर कंपनीच्या माणसाला फोन करून पुढच्या बॅचची तारीख मिळते का ते विचार. आठ-दहा दिवस पुढे गेलं तरी तुझ्या हिशोबात मोठा फरक पडतो. आणि मेडिकलमध्येच पॉझिटिव्ह आलं, तर तिथून निघून येऊ नको. पट्टी ही पहिली चाळणी आहे. त्याच नमुन्याची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या जास्त अचूक यंत्रावर खातरजमा करून मागता येते. औषधानं झालेली चूक तिथं उघडी पडते. पण ऐक, तुझ्यात खरंच टीएचसी उरलं असेल तर ते यंत्र तेही दाखवेल, आणि तिथली मर्यादा बहुतेक ठिकाणी ५० नाही, १५ असते. पँटोप्राझोल घेत होतास, एफाविरेन्झ घेत होतास किंवा पट्टीच्या निकालाबद्दल खरा संशय असेल, तरच ती मागणी कर, आणि लेखी कर. नाहीतर पुन्हा तपासणीची तारीख माग.